रस्त्यापलीकडची यात्रा

सांता गेर्त्रुदिसच्या मिशन देवळात पडून असलेल्या संताला भेटायला दरवर्षी माणसांची रीघ लागते. वाळवंट तुडवत येतात, फोड आलेल्या पायांनी येतात, काही जण शेवटचा चौक गुडघ्यांवर रांगत ओलांडतात. लिब्रादा मात्र त्याला भेटायला कधीच आली नव्हती. तिचं घर देवळाच्या समोर होतं.

देवळाच्या किल्ल्या तिच्याकडे असत. सकाळी दार उघडायचं, रात्रीत घुसलेली वाळू झाडून परत वाळवंटाच्या स्वाधीन करायची, फरशीवरचं मेण खरवडायचं, आणि वर्षातून काही वेळा संताचे कपडे बदलायचे. एवढ्या जवळच्या ओळखीत भेट राहून जाते. नवऱ्याचंही तसंच झालं होतं.

संत फ्रान्सिस्को आमच्याकडे उताणा झोपलेला आहे. लाकडाचा, पुरुषभर लांबीचा, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर जेवण जरा जास्त झाल्याची शांती. नेमका कोणता फ्रान्सिस्को, याबद्दल पाद्र्यांचं आणि गावाचं एकमत नाही. जत्रा भरते ती असिसीच्या फ्रान्सिसच्या दिवशी, देह आहे तो दुसऱ्या फ्रान्सिसचा, झेवियरचा, आणि गावाच्या मते हे दोन्ही एकच गृहस्थ. एका पाद्र्यांनी एकदा प्रवचनात सांगितलं होतं, की झेवियरचा खरा देह समुद्रापलीकडे हिंदुस्थानात, गोवा नावाच्या गावी ठेवलेला आहे. लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. शेजारच्या गावचे लोक आपल्या विहिरीचं पाणी जास्त गोड असल्याचं सांगतात, तेव्हा ऐकून घेतात तसं.

संतासमोर आलं, की मानेखाली हात घालून त्याचं डोकं उचलायचं, अशी रीत आहे. मन मोकळं असेल तर डोकं पिसासारखं येतं. आत काही अडकलं असेल, विशेषतः न फेडलेला नवस, तर चार खाटीक लावले तरी हलत नाही. आमचा संत दयाळू आहे, पण वसुलीला कडक आहे, हे लोक जरा अभिमानानंच सांगतात.

त्या वर्षी जत्रा आठवड्यावर आली होती आणि लिब्रादा नणंदेला, तोमासाला, हाताशी घेऊन संताचा झगा बदलत होती. बाह्या झाल्या, पायघोळ झालं. उरली मान. लिब्रादानं नेहमीसारखा हात खाली सरकवला.

"उचला की, वहिनी," तोमासा म्हणाली. तिच्या हातात इस्त्री केलेली कॉलर होती.

"उचलतेय."

"कुठं? मला तर अजून आडवाच दिसतोय."

लिब्रादानं दुसरा हात लावला. डोकं उशीत रुतून बसलं होतं. जणू तिथं मूर्ती नव्हतीच, देवळाच्या पायाचाच एखादा दगड वर आला होता. तोमासानं कॉलर दातांत धरली, एका हातानं डोकं उचललं, दुसऱ्या हातानं कॉलर सरकवली, आणि मग तोंड रिकामं झाल्यावर म्हणाली, "हलकं तर आहे."

लिब्रादानं हात काढून घेतला. घुमटात एक पाकोळी फिरत होती.

"खांदा धरला असेल," लिब्रादा म्हणाली.

"असेल हो. साबिनामावशीचाही खांदाच धरला होता."

हा टोमणा नव्हता, दगड होता, आणि तो नेमका बसला. साबिनामावशी लिब्रादाच्या आधीची किल्लीवाली. एका जत्रेत भर गर्दीत तिला डोकं उचललं गेलं नाही. संध्याकाळी तिनं किल्ल्या एप्रनमधून काढून लिब्रादाच्या हातात ठेवल्या आणि पुढं मरेपर्यंत ती मागच्या बाकावर बसली. ज्या बाईला संत मान देत नाही, तिनं संताला कपडे घालू नयेत. हे कुठं लिहिलेलं नाही, पण ते तेव्हा मोठ्यानं बोलून दाखवलं होतं ते लिब्रादानंच. आणि किल्लीवाली जत्रेच्या दिवशी सगळ्यांसमोर डोकं उचलते, हीसुद्धा रीतच.

"तो नवस, वहिनी," तोमासा दारातून म्हणाली. "दुसरं काय असणार?"

नवसाची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. जुनी गोष्ट. एका जून महिन्यात लिब्रादाचा नवरा मेलितोन चुकलेलं वासरू शोधायला पश्चिमेच्या वाळूकडे गेला आणि परत आला नाही. त्या बाजूला जूनमध्ये माणूस हरवला, की लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलायला लागतात. पहिल्या दिवशी म्हणाले हट्टी आहे, दुसऱ्या दिवशी म्हणाले कष्टाळू होता. तो 'होता' ऐकल्यावर लिब्रादा एका पायात चप्पल घालून रस्ता ओलांडून देवळात पळाली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेले शब्द तिच्या तोंडून भराभर बाहेर पडले: "त्याला परत आण, मी चालत तुझ्या दारी येईन."

मेलितोन आला. वासरू घेऊन आला. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. पोटभर पाणी प्याला, आणि चुलीवरच्या घेवड्याकडे बघून म्हणाला, "गार झालाय." लिब्रादा रडली, हसली, आभार मानायला देवळात गेली, आणि परत येताना रस्त्याच्या मधोमध थांबली. चालत तुझ्या दारी येईन. कुठून?

तेव्हाच्या पाद्र्यांनी देवळात आतल्या आत प्रदक्षिणा घालायला सांगितलं. तिनं घातल्या. कोणी म्हणालं चौकाला घाल. तिनं घातल्या. संताकडून काही पोच आली नाही, पण डोकं मात्र तो दरवर्षी उचलू देत राहिला. मग मुलं झाली, मोठी झाली, सीमेपलीकडे कामाला गेली, आणि नवस तसाच राहिला, पाहुणा ओसरीवर बसून राहतो तसा. आपणही जाता-येता त्याच्याकडे बघून हसतो, कॉफीचं कोणी विचारत नाही.

हल्लीचे फादर आन्सेल्मो तरुण होते, ग्वादालाहारा शहरातले, आणि वजन ही गोष्ट ते तराजूपुरतीच मानत.

"बाई, खांदा डॉक्टरला दाखवा," ते म्हणाले. "आणि नवसाचं म्हणाल तर त्या दिवशी तुम्ही रस्ता ओलांडून आलात ना? चालतच आलात. फिटला."

"रस्ता तर मी कांदे आणायलाही ओलांडते, फादर."

 फादर आन्सेल्मो ज्या सेमिनरीत पाद्री व्हायला शिकले, तिथं कांद्यांचा विषय निघालाच नव्हता.

ती घरी आली. मेलितोन दारात खुर्ची टाकून बसला होता, गेली कित्येक वर्षं बसत होता तसा.

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "मी जाते."

"कुठं?"

"रेल्वेच्या गावी. तिथून यात्रेकरू निघतात. त्यांच्याबरोबर चालत येते."

"येते म्हणजे? कुठं येतेस?"

"इथं."

मेलितोननं यावर नीट विचार केला. "म्हणजे इथून जायचं ते इथं यायला."

"हो."

"आणि तेही मी आलो म्हणून. मी आलो तो माझ्या पायांनी आलो, म्हातारे. संत काही लगाम धरून पुढं चालत नव्हता. उलट वासरू मी ओढलं."

"तुला कुणी विचारलंय? हे माझं आणि त्याचं आहे."

"बरं," मेलितोन म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "कॉफी कोण करणार?"

"चुलीला विचार."

निघताना तिनं किल्ल्या तोमासाकडे दिल्या आणि सूचना दिल्या: मेणबत्त्या पडद्यापासून लांब, फुलांना पाणी बेताचं, आणि उशी. जत्रेच्या दिवशी उशीची गुलाब भरलेली बाजू वर. एरवी साधी, त्या दिवशी गुलाबाची. तोमासा हो म्हणाली. किल्ल्या तिनं ज्या सहजपणे एप्रनमध्ये टाकल्या, ते लिब्रादाला आवडलं नाही.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. डोळ्यांसमोर देऊळ नाही अशी सकाळ तिनं पाहिली नव्हती. वळणावर मागं बघायचं तिनं ठरवलं होतं, पण तेवढ्यात एका बाईची कोंबडी सुटली आणि वळण निघून गेलं. मग नुसतं वाळवंट. सग्वारो निवडुंग हात वर करून उभे होते, कुणीतरी बंदूक रोखल्यासारखे, आणि बस त्यांना न लुटता पुढं जात राहिली.

रेल्वेच्या गावाहून यात्रेकरू दुपार उतरल्यावर निघाले. दुसऱ्या दिवसापर्यंत पोचायचं होतं. उजेड आहे तोवर चालायचं, अंधारात मेस्कीटच्या झाडाखाली पडायचं, तांबडं फुटलं की परत चालायचं. काहींनी नवसाचे तपकिरी झगे घातले होते. एक जण पाठीवर शिवणयंत्र घेऊन चालला होता. का, ते त्याला कोणी विचारलं नाही. दुसऱ्याच्या नवसाबद्दल आमच्याकडे विचारत नाहीत. लिब्रादाला मात्र तो माणूस पाहून बरं वाटलं. आपलं ओझं निदान दिसत तरी नव्हतं.

तिच्या जोडीला ओफेलिया नावाची बाई लागली. बंदराकडची, मासे विकणारी, आवाज बाजारात तयार झालेला. पहिल्याच मैलात तिनं लिब्रादाला ताब्यात घेतलं.

"पहिल्यांदाच का गं?"

"हो," लिब्रादा म्हणाली. ते खरंच होतं.

"मग ऐक. देऊळ बघून बावचळू नकोस. पांढरंशुभ्र आहे, लग्नाच्या केकसारखं. आणि आत एक म्हातारी असते, संताची कपडेवाली. तिच्यापासून सांभाळ."

"का?"

"खाष्ट आहे मेली. झग्याला जरा हात लागला की फडकं मारते. मला मारलंय! 'तुझ्या हाताला मासळीचा वास येतो' म्हणाली. अगं, सेंट पीटरही कोळीच ना, त्याचा काय गुलाबाचा येत होता?"

लिब्रादाला आठवेना. तिनं बऱ्याच जणांना फडकं मारलं होतं, आणि उन्हासाठी शाल कपाळापर्यंत ओढल्यावर, हातात फडकं नसताना, तीही ओळखू येत नव्हती. "साटीन असतं," ती म्हणाली. "डाग निघत नसेल."

"तू तिची बाजू घेऊ नकोस. तुला माहीत नाही ती." ओफेलियानं पिशवीतून हातभर रुंद पोळी काढली, दोन तुकडे केले, वाळवून कुटलेलं गोमांस त्यात गुंडाळून एक लिब्रादाला दिला. "पण एक सांगू? एकदा मी आले तेव्हा देवळात कुणी नव्हतं. ती म्हातारी एकटीच. त्याच्या पायांवरची धूळ पुसत होती आणि बोलत होती त्याच्याशी. घेवडा महाग झालाय, वारा सुटलाय, असलं काहीतरी. मी दारातनंच परत फिरले. मला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरात शिरलो."

लिब्रादा पोळी खात चालत राहिली. पोळीत मीठ जास्त होतं, ते तिनं ठरवूनही बोलून दाखवलं नाही.

सकाळी ती अर्धवट झोपेत चालायला लागली. पाय चालत होते, बाकीची ती मागून येत होती. जमीन आणि आकाश यांच्यामध्ये एक गुलाबी पट्टी होती, आणि कुणीतरी रात्री दोन्ही टाचून ठेवली होती ती आता उसवत होती. वाट पुढं जात होती की आपल्याखालून मागं सरकत होती, हे सांगता आलं नसतं. ओफेलिया कुठंतरी मागं राहिली होती. लिब्रादाच्या शेजारी कधीपासून एक माणूस चालत होता. तपकिरी झगा, पायांत वहाणा. चालताना तो मान एकसारखी इकडून तिकडे वळवत होता, फार दिवस उताणं पडून अवघडल्यासारखी.

"अजून किती आहे हो, बाई?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत," लिब्रादा म्हणाली. "मी तिथलीच आहे."

त्याला हे उत्तर पटलेलं दिसलं. ते दोघं चालत राहिले. एक ससा वाटेवर येऊन बसला, त्यांच्याकडे बघितलं आणि न घाबरता निघून गेला.

"मीही," तो माणूस जरा वेळानं म्हणाला. "पण बाहेरून कधी बघितलं नाही."

लिब्रादाला काहीतरी विचारायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले तेव्हा सूर्य वर आला, डोळे दिपले, आणि डोळे चोळून तिनं बघितलं तर शेजारी शिवणयंत्रवाला होता. तो दमला होता आणि काही बोलण्याच्या मनःस्थितीत दिसत नव्हता. झगे सगळ्यांचेच तपकिरी. तिनं विचार सोडून दिला, पण पूर्ण सोडला नाही.

दुपारी उन्हात दूर काहीतरी तरंगायला लागलं. जमिनीपासून जरा वर, पाण्यासारख्या हवेत, एक मातकट ढेकूळ. भट्टीतून काढून कुणी विसरलेल्या पावासारखं. त्याच्या वर एक टिंब.

"ते काय?" लिब्रादानं विचारलं.

"काय म्हणजे?" ओफेलिया धापा टाकत आली होती. "देऊळ नाही का ते!"

"पांढरं आहे म्हणालीस."

"पुढून पांढरं गं. मागून मातीच. चुना पुढच्या बाजूलाच पुरला म्हणतात."

लिब्रादा वाटेच्या कडेला उभी राहिली. जन्मभर तिनं खिडकीतून जी पांढरी भिंत पाहिली होती, तिलाही पाठ होती, आणि ती पाठ तिच्या स्वतःच्या घराच्या मागच्या भिंतीसारखी होती: मातीची, भेगाळलेली, पावसानं खरडलेली. एवढ्या मोठ्या रानात ते देऊळ एवढंसं दिसत होतं. त्यात तो झोपला होता, त्याच्याभोवती तोमासा किल्ल्या वाजवत फिरत असेल. तिला एकाएकी त्याची काळजी वाटली. आणि पाठोपाठ भीतीही, कारण एवढं चालूनही डोकं उचललं नाही, तर आता दुसरा कुठला रस्ता उरला नव्हता. ती भरभर चालायला लागली.

"अगं, पळतेस काय!" ओफेलिया ओरडली. "तो झोपलेलाच असतो!"

गावात शिरताना बँड वाजत होता, कलिंगडवाले ओरडत होते, चौकात पाळणा फिरत होता. यात्रेकरूंनी देवळात पोचेपर्यंत कुणाच्या घरात जायचं नाही, अशी रीत आहे. लिब्रादाचं घर आलं. दाराबाहेर टेबल मांडलं होतं, त्यावर पाण्याची सुरई, कलिंगडाच्या फोडी आणि फडक्यातून गाळलेली कॉफी. टेबलामागं मेलितोन उभा होता. स्वच्छ सदरा, टोपी हातात. त्याला टोपी हातात घेऊन उभा राहिलेला तिनं शेवटचा पाहिला तो तिच्या बापासमोर.

त्यानं पेला भरून पुढं केला. "घ्या बाई. लांबून आलात?"

लिब्रादानं पेला घेतला. "हो. बरंच लांबून."

"देवळाला ना? हे काय, समोरच." त्यानं हात करून दाखवलं, जणू तिनं चुकू नये. "पाय फार दुखतात का?"

"दुखतात."

"दुखणारच." तो जरा थांबला. मग हळू म्हणाला, "मी आलो तेव्हा माझेही दुखत होते. कुणी विचारलं नाही. सगळे रडत होते."

लिब्रादानं पाणी संपवलं, पेला टेबलावर ठेवला. कॉफी पातळ झाली होती, ते तिला वासावरून कळलं.

"हा कोण गं?" ओफेलियानं कलिंगड खात विचारलं. "माणूस चांगला वाटतो."

"वाटतो," लिब्रादा म्हणाली आणि तिनं रस्ता ओलांडला.

रांग देवळाच्या दारातून बाहेर आली होती. लिब्रादा तिच्या शेवटी उभी राहिली. दारातला उंबरठा तिनं हजारदा झाडला होता, पण मुंगीच्या पावलानं त्याच्याकडे सरकताना त्याची मधली झीज पहिल्यांदा दिसली. एवढ्या पायांनी झिजवलेली आणि त्यात आजवर तिचा पाय मोजायचा राहिलेला. आत गारवा होता, मेणाचा आणि घामाचा वास होता. संताजवळ तोमासा उभी होती, खांद्यावर फडकं टाकून. लिब्रादाला पाहून तिचा चेहरा जरा बदलला. बाकावरचे गावकरी वळून बघायला लागले. पुढच्या खांबाजवळ फादर आन्सेल्मो उभे होते, आणि वजनावर विश्वास नसलेल्या माणसाच्या मानानं ते बरेच टाचा उंचावून बघत होते.  तोमासामुळं सगळ्यांना ठाऊक होतं.

तिच्या पुढं ओफेलिया होती; मागून येऊन तिनं बाजारातल्या सवयीनं पुढं जागा काढली होती. तिनं मासळीच्या हातानं संताचं डोकं उचललं, कपाळाचं चुंबन घेतलं आणि डोळे पुसत बाजूला झाली.

लिब्रादा पुढं आली.   तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि मग जे दिसलं ते पाहून तिच्या डोक्यात एकदम तिडीक गेली.

उशीची साधी बाजू वर होती.

"तोमासा!" ती म्हणाली. "काय सांगून गेले होते मी?"

"काय, वहिनी?"

"गुलाब! आजच्या दिवशी गुलाब वर! आज एवढी माणसं लांबून लांबून येतात, आणि हा बिचारा रोजच्या उशीवर पडलाय!"

डाव्या हातानं तिनं उशी ओढून काढली, झटकली, तिच्यावर दोन थापा मारल्या, उलटी केली, गुलाब नीट मधोमध आणला, कोपरे दाबले. मागून रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, आटपा! आम्हीही चालत आलोय!"

"थांबा जरा!" लिब्रादा वळून म्हणाली. "तो काही पळून जात नाही!"

आणि मग तिच्या लक्षात आलं, की देवळात कुणीच बोलत नाहीये. तोमासाचं तोंड उघडं होतं. ओफेलिया एकदा तिच्याकडे, एकदा फडक्याकडे बघत होती, आणि हळूहळू तिला सगळं कळत चाललं होतं. लिब्रादानं खाली बघितलं. तिच्या उजव्या तळहातावर संताचं डोकं होतं. उशीच्या चांगलं वर, हवेत, केव्हापासून. वजन म्हणावं तर झोपलेल्या पोराइतकं.

तिनं ते सावकाश गुलाबावर ठेवलं.

तोमासानं एप्रनमध्ये हात घातला आणि किल्ल्या पुढं केल्या.

"राहू दे," लिब्रादा म्हणाली. "आज मी पाहुणी आहे. उद्या सकाळी दे." आणि जाता जाता, हात अजून जरा उचललेलाच, ती ओफेलियाच्या जवळ गेली. "चल. समोरच घर आहे माझं. कॉफी पातळ आहे, पण माणूस चांगला वाटतो म्हणालीस ना."